धागा: गे मुलगा, तुटलेलं नातं आणि दिवाळीच्या सुट्टीतली ट्रिप

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

सेमिस्टरचे पेपर संपत आले की कोल्हापुरात विद्यापीठाच्या मागच्या रूमवर काय आणि राजारामपुरीतल्या रूमवर काय, एकच चर्चा असते: मालवण, गोवा की हंपी. अशा गटात कधी एखादा मुलगा असा असतो की ज्याचं नुकतंच तुटलंय. मुलगी सोडून गेली असेल तर अख्खी मेस त्याला चहा पाजते, रात्री दोनपर्यंत त्याच्याजवळ बसते. मुलगा गे असेल तर त्याचं तुटलेलं कुणाला कळत नाही, कारण जुळलेलंच कुणाला माहीत नव्हतं. तो जेवायला येतो, हसतो, कॉन्ट्री (वाटणीचे पैसे) भरतो आणि सगळं एकट्यानं ओढतो.

इतरांना जो आधार न मागता मिळतो तो या मुलाला ठरवून उभा करावा लागतो. कुणाला सांगायचं, फोनमधलं काय आवरायचं, कोणत्या गाडीनं जायचं, कोणत्या खोलीत झोपायचं, सगळं आधी ठरवावं लागतं. या धाग्यावर आपापल्या कहाण्या नकोत. कुणी ओळखू येईल असा तपशील तर मुळीच नको. काय करायचं आणि कशानं बिघडतं, तेवढं नेमकं लिहा.

कळंबा

सुरुवात फोनपासून करा. तुटल्यावर आधी ब्लॉक करायची घाई होते आणि खरी दारं उघडीच राहतात.

व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. त्याच्या लॅपटॉपवर तुमचं खातं उघडं असेल तर तिथून लॉग आऊट करा. गूगल खात्यात कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे ते तपासून अनोळखी काढून टाका, मग पासवर्ड बदला आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. क्रम हाच ठेवा, म्हणजे काय कुठं उघडं होतं ते आधी डोळ्यांखालून जातं. नंतर मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, गूगल फोटोजमधले सामाईक अल्बम आणि ‘पार्टनर शेअरिंग’, इन्स्टाची क्लोज फ्रेंड्स यादी, स्नॅपचा नकाशा. जवळजवळ सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे बोटाचा ठसा. त्याचं बोट तुमच्या फोनमध्ये नोंदवलेलं असेल तर सगळे पासवर्ड बदलूनही उपयोग नाही. सगळे ठसे पुसून आपले नव्यानं नोंदवा.

फोटो आणि चॅट रागाच्या भरात उडवू नका. पुढं कुणी त्रास दिलाच तर पुरावा तोच असतो, शिवाय सहा महिन्यांनी ते हवेसे वाटू शकतात. पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या खात्यावर उतरवून फोनमधून काढा. फोनमधल्या ‘लॉक्ड फोल्डर’वर एकट्यावर भिस्त नको. त्यातल्या गोष्टींचा बॅकअप आपण सुरू केल्याशिवाय होत नाही, आणि फोन रीसेट झाला की त्या जातात.

पैशाचं लगेच मिटवा. रूमचं डिपॉझिट, एकत्र घेतलेली वस्तू, उसने. रक्कम लिहून एकच मेसेज करा: “डिपॉझिटमधले माझे ६,००० रुपये, महिनाअखेर पाठव.” त्यात भावना घालू नका. हिशेब लोंबकळत राहिला की दर आठवड्याला बोलायला निमित्त मिळतं आणि जखम ओली राहते. भाडेकरार दोघांच्या नावावर असेल तर आपल्या बाजूनं सोडत असल्याचं मालकांना लेखी कळवा. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि नोटिशीचा कालावधी त्यातच लिहिलेला असतो.

डबा बंद करू नका. भूक नसली तरी दोन वेळचा डबा येऊ द्या, निम्मा खा. पहिल्या पंधरा दिवसांत जेवणाची वेळ मोडली की झोप मोडते, झोप मोडली की सकाळचे तास बुडतात, मग हजेरी ७५ टक्क्यांखाली येते आणि परीक्षेचा अर्ज भरताना नवी पळापळ. नातं तुटल्याचा परिणाम पहिल्यांदा दिसतो तो हजेरीपटावर.

तिन्हीसांज

सांगायचं कुणाला, यावर लिहिते. सगळ्या गटाला एकदम सांगू नका. आधी एक माणूस निवडा. सगळ्यात जवळचा मित्र निवडण्यापेक्षा सगळ्यात कमी बडबड करणारा निवडा. त्याच्याकडं आजवर दुसऱ्याचं काय काय पचलंय ते आठवा. जो तुम्हाला दुसऱ्याची गुपितं सांगतो तो तुमचंही सांगणार.

मेसेजवर सांगू नका, त्याचा स्क्रीनशॉट होतो. बाटली उघडल्यावर नको, कारण दुसऱ्या दिवशी “काल तू जे बोललास” असं म्हणत परत पहिल्यापासून सगळं उगाळावं लागतं. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर नको, तिथं दर पन्नास पावलांवर ओळखीचं कुणीतरी भेटतं. सकाळी विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीच्या रस्त्यानं चालत चालत सांगा. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, दोघांनाही सोपं जातं.

वाक्यं आधी ठरवून ठेवा. “मला मुलं आवडतात. एका मुलाबरोबर माझं नातं होतं, ते आता संपलंय. मला एकट्यानं झेपत नाही म्हणून तुला सांगतोय. तू यातलं कुणालाही सांगायचं नाहीस, आपल्या गटातही नाही.” त्याचं नाव घेऊ नका. तुम्ही स्वतःबद्दल सांगायला तयार असाल, तो नसेल. तुटलं म्हणून त्याचं गुपित आपलं होत नाही.

समोरचा काही मिनिटं गप्प बसतो. त्या शांततेत पुढचं बोलत सुटू नका. “म्हणजे तुला मी पण...?” असं विचारलं तर सरळ “नाही, तू मित्र आहेस” एवढं म्हणा आणि पुढं चला. काहीजण दोन-चार दिवस अंतर राखतात. त्या दिवसांत पाठीमागं लागलं तर ते अंतर वाढतं, सोडून दिलं तर बहुतेक वेळा आपोआप मिटतं.

जोतिबाची_वाट

माझं मत वेगळं आहे. तुटल्या तुटल्या ट्रिपला जाऊच नये. चार दिवस एकाच गाडीत सगळ्यांसमोर चेहरा सांभाळायचा म्हणजे शिक्षाच. महिना जाऊ द्या.

पंचगंगाकाठ

@जोतिबाची_वाट, महिना म्हटलं की सुट्टी संपली. दिवाळीत रूम रिकामी, मेस बंद, रूम पार्टनर गावाला. एकट्यानं मागं राहणं त्याहून वाईट. प्रश्न असा विचारायला हवा की जाण्याच्या स्थितीत आहे हे ओळखायचं कसं.

सावली

ओळखायचं असं. रात्री सलग पाच-सहा तास झोप लागते का? दिवसातून दोनदा पोटात काही जातं का? आंघोळ, कपडे, फोन उचलणं चालू आहे का? हे जमत असेल तर जायला हरकत नाही, मन दुखत असलं तरी.

जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटते, वस्तू वाटून टाकायला सुरुवात झालीये, असं काही असेल तर ट्रिप बाजूला. त्याच दिवशी १४४१६ वर फोन. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर ११२, नाहीतर थेट सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना. मित्रांना हे दिसलं तर “स्वतःला संपवायचा विचार येतोय का?” असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि त्याला एकटं सोडू नका.

समुपदेशकाकडं जायचं असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: “समलिंगी असण्याबद्दल तुमचं म्हणणं काय आहे?” उत्तरात ‘बदलता येतं’, ‘वय आहे, जाईल’, ‘लग्न झालं की सुटेल’ यातलं काहीही आलं तर फी देऊन उठा. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० ला काढली. हा आजार नाही, असं भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर केलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणं लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. सज्ञान मुलाबद्दल डॉक्टरांनी घरी परस्पर कळवायचं नसतं. जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद कायद्यात आहे, तो समुपदेशक पहिल्या भेटीत समजावून सांगतात.

झोपेच्या गोळ्या मित्राकडून घेऊ नका. त्यावर दारू तर कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

फोंडाघाट

आता गाडी आणि रस्ता. मालवण, गोवा, हंपी यांत अशा मुलासाठी मी हंपीला पहिला नंबर देईन. दिवसभर पायी किंवा सायकलवर फिरणं होतं, अंग दमतं, रात्री झोप लागते. विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिर, मातंग टेकडी, पलीकडं आनेगुंदी, सगळीकडं गटापासून शंभर पावलं लांब जाऊन एकटं बसता येतं आणि कुणाला खटकत नाही. पुराणवास्तूंच्या तिकिटाच्या एका पावतीवर विठ्ठल मंदिर आणि कमलमहालाचं आवार दोन्ही बघता येतं, पण त्याच दिवशी. म्हणून दोन्ही एका दिवसात बसवा. तुंगभद्रेत पोहायला उतरू नका. वरून शांत दिसते, पण खडकांत भोवरे आहेत.

जायला हरिप्रिया एक्स्प्रेस. तिरुपतीची गाडी, कोल्हापूर-मिरज-बेळगाव-हुबळी-गदग करत होसपेटला जाते. कामांमुळं ती अधूनमधून अलीकडूनच सोडतात, म्हणून तिकीट काढण्याआधी गाडी कोल्हापुरातूनच सुटते का ते बघा. होसपेटला पोचेपर्यंत रात्र होते, तेव्हा पहिल्या रात्रीची खोली स्टेशनजवळ घ्या आणि सकाळी हंपी गाठा, अंतर १३ किलोमीटर आहे. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं. दिवाळीची तारीख बघून आजच उलटं मोजा. तत्काळ आदल्या दिवशी, एसीला सकाळी १० आणि स्लीपरला ११.

रेल्वेचा दुसरा फायदा म्हणजे चालक नाही. भाड्याची इर्टिगा घेतली की पुढं बसलेला माणूस चार दिवस सगळं ऐकतो. कोल्हापुरात तो कुणाच्या तरी मामाच्या गल्लीतला निघतोच. गाडीत असताना नाव, ‘ब्रेकअप’, ‘तो’ यावर बोलणं नाही हे गटात आधी ठरवून ठेवा. स्वतः चालवायची गाडी भाड्यानं घेणार असाल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं घेतली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

मालवणला जायचं तर गगनबावडा-करूळ घाट किंवा राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट. दोन्हीकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास. करूळ घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडीमुळं बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ४०० किलोमीटर, गाडी लिटरला १६ देत असेल तर २५ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर २,६२५, पाच जणांत डोई ५२५. किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेर बंद असतात, दिवाळीत चालू.

गोवा मी शेवटी ठेवतो. रात्र मोठी, दारू स्वस्त आणि फोन हातात. मध्यरात्री दीड वाजता जुन्या माणसाला मेसेज जातो तो तिथूनच. जायचंच असेल तर फोन रात्री अकराला त्या एका माहीतगार मित्राकडं, म्हणजे ज्याला आधी सांगितलंय त्याच्याकडं, द्या. गोव्यात पिण्याचं वय २१ आहे. परवान्याशिवाय तिथली बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर, आंबोलीच्या वाटेवर गाड्या तपासतात. गाडी अडली, नावं लिहून घेतली, घरी फोन गेला, ही साखळी ज्याला घरापासून काही लपवायचंय त्याला सगळ्यात महाग पडते.

दाजीपूरचा_गवा

भावा, एसटी का नाही सांगितलीस? मध्यवर्ती बसस्थानकावरून मालवणची थेट गाडी मिळते. आणि एसटीत कोण कुणाचं ऐकत बसतंय! मागच्या बाकावर दोघांनी बसून निवांत बोलावं.

तिन्हीसांज

खोल्यांबद्दल. पाच जण असतील तर दोन खोल्या, दोन आणि तीन अशी वाटणी. त्या मुलाला दोनच्या खोलीत, माहीतगार मित्राबरोबर ठेवा. एकट्याला वेगळी खोली देणं दिसायला प्रेमाचं दिसतं, पण पहिल्या महिन्यात रात्री एकटं पडणंच जड जातं. तिघांच्या खोलीत घातलं तर रडायला न्हाणीघराशिवाय जागा नाही. वाटणी गाडीत बसायच्या आधी ठरवा. लॉजवर पोचून “कोण कुणाबरोबर” सुरू झालं की थट्टा होते, आणि त्या थट्टेत एखादं वाक्य लागतं.

त्याला त्याच मित्राबद्दल काही वाटत असेल तर मात्र तो मित्र नको. एकटेपणात जवळिकीचा अर्थ भलताच लागतो आणि मैत्रीही जाते.

दोन मुलांना एक खोली द्यायला लॉजवाले सहसा काही विचारत नाहीत. ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं. आधारची पूर्ण झेरॉक्स देऊ नका. आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर वाहन परवाना चालतो. कोकणात घरगुती राहण्याच्या सोयीत भिंत पातळ असते आणि काकू मायेनं चौकशी करतात. “गावाकडं मुलगी बघितली का नाही?” यावर “अजून शिक्षण चाललंय काकू” एवढं पुरतं.

खासबाग

मी त्या माहीतगार मित्राच्या बाजूनं विचारतो. आपल्याला कळलंय, बाकी तिघांना नाही. ट्रिपमध्ये वागायचं कसं?

सावली

@खासबाग, रोजच्यासारखं. दर तासाला “बरा आहेस ना?” विचारलं तर बाकीचे टिपतात. त्यापेक्षा दोघांत एक खूण ठरवा. तो म्हणाला, “पाणी संपलंय, घेऊन येऊया,” की याचा अर्थ मला इथून बाहेर काढ. लगेच उठायचं, पंधरा मिनिटं चालून यायचं, विचारायचं काही नाही.

गटात कुणी ‘छक्का’, ‘मामू’ असले शब्द वापरत असेल तर त्या मुलाकडं न बघता, “हे बंद कर लेका, ऐकायला घाण वाटतं,” एवढं म्हणून विषय बदला. बघितलंत तर तुम्हीच त्याला उघडं पाडलंत. शेकोटीभोवती ‘खरं की हिंमत’ सुरू झाला तर तो खेळ तुम्ही मोडा, पत्ते काढा. मुली दाखवून “याला पटवून देऊया” चाललं असेल तर “त्याला सध्या नकोय, सोडा” पुरे. आणि तुमची स्वतःची झोप सांभाळा. चार रात्री जागून कुणाला आधार देता येत नाही, एखादी रात्र “आज मी झोपतो, सकाळी चालायला जाऊ” असं सांगायला हरकत नसते.

वकीलपेठ

अॅपचा विषय कुणी काढला नाही. नातं तुटल्यावर ट्रिपमध्ये, अनोळखी गावात, डेटिंग अॅप उघडलं जाणारच. मी नको म्हणणार नाही, पण कसं ते सांगतो.

अंतर दाखवणं बंद करा. कोल्हापुरासारख्या शहरात ‘२०० मीटर’ म्हणजे जवळजवळ पत्ता. फोटोत रूमची खिडकी, कॉलेजचं ओळखपत्र, गाडीचा नंबर नको. इन्स्टावर टाकलेलाच फोटो तिथं वापरला तर उलटा शोध घेऊन तुमचं नाव निघतं, म्हणून वेगळा काढा. भेटण्याआधी व्हिडिओ कॉल करा. त्यात स्वतःचा चेहरा आणि साधं बोलणं यापलीकडं काही दाखवू नका, कॉल रेकॉर्ड होतो. पहिली भेट चहाच्या टपरीवर, दिवसा, आणि माहीतगार मित्राकडं चालू लोकेशन. “शहराबाहेरच्या रस्त्यावर ये, तिथं कुणी नसतं” असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. फसवणूक ठरलेल्या पद्धतीनं होते: एक बोलावतो, पाच मिनिटांत आणखी तिघे येतात, व्हिडिओ काढतात, “घरी सांगू, पोलिसांना बोलवू” म्हणत पैसे मागतात.

तिथं अडकलात तर हाणामारी करू नका, जीव सांभाळून सुटा. सुटल्यावर चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, प्रोफाइलचा दुवा, फोन नंबर, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, सगळं काढा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रारही नोंदवा. दुसरा हप्ता कधीही देऊ नका. पैसे मिळतात म्हटल्यावर ते थांबत नाहीत, आकडा वाढवतात. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग वर त्या फोटोचा डिजिटल ठसा तयार करता येतो. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, फक्त ठसा जातो आणि त्यात सामील असलेल्या समाजमाध्यमांवर तो फोटो ओळखून अडवला जातो.

“पोलिसांकडं गेलो तर मलाच धरतील” या भीतीवर हा धंदा चालतो. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेज सिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्यात ते कलमच नाही. गुन्हा धमकावणाऱ्याचा आहे. खंडणीसाठी कलम ३०८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. धमकीसाठी ३५१. खासगी फोटो पसरवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई. घटना मालवणात घडली आणि तुम्ही कोल्हापुरात परत आलात तरी इथल्या ठाण्यात ‘शून्य’ क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तक्रारीत “ओळख अॅपवर झाली” एवढं पुरतं, आपल्या कलावर निबंध लिहायची गरज नाही.

तसंच उलटंही लक्षात ठेवा. समुद्रकिनारी रात्री उघड्यावर जवळीक केली तर ‘सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन’ हे कलम मुलगा-मुलगी असली तरी लागतं.

फोंडाघाट

@वकीलपेठ, लग्नाबद्दलही एका ओळीत सांगा. ‘आता कायदा झालाय’ असं पोरं समजून चालतात.

वकीलपेठ

झालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, तो विषय संसदेवर सोडला. एकत्र राहण्यावर बंदी नाही.

शाहूपुरी_सातवी

एक अडचण विचारतो. ज्याच्याशी तुटलंय तो मुलगाच त्या गटात आहे. दोघांचं कुणालाच माहीत नाही. ट्रिपची कॉन्ट्री भरून झालीये. आता?

कळंबा

@शाहूपुरी_सातवी, दोघांपैकी एकानं माघार घ्यावी हे सगळ्यात बरं. घरचं कारण द्यावं, दिवाळीत ते सहज खपतं. रेल्वेचं पक्कं तिकीट बरंच आधी रद्द केलं तर ठरावीक कपात होऊन बाकी परत येतं, गाडीची वेळ जवळ येईल तशी कपात वाढत जाते. म्हणून निर्णय लांबवू नका.

दोघंही जाणारच असतील तर निघण्याआधी एकदा बोलून तीन गोष्टी पक्क्या करा: एका खोलीत नाही, दारू पिऊन जुना विषय नाही, दुसऱ्या कुणाबद्दल एकमेकांना टोमणे नाहीत. गाडीत एक पुढं, एक मागं. पाच जणांच्या गटात भांडण लपत नाही. दोघं एकमेकांशी अजिबातच बोलत नसतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणीतरी विचारतं. “मीठ दे”, “किती वाजले” इतपत बोला. आणि “समेट होईल” या आशेनं जात असाल तर जाऊ नका. चार दिवस मनात वाट बघत राहाल आणि परत येताना दुसऱ्यांदा तुटेल.

जोतिबाची_वाट

हे वाचून माझं मत थोडं बदललं. एका माणसाला आधी सांगितलेलं असेल तरच जावं, असं म्हणेन.

तिन्हीसांज

घरचंही बघा. तारीख भाऊबीजेनंतरची ठेवा. आधीची ठेवली की आई नाराज होते, मग फोन वाढतात, “कोण कोण आहे, कुठं राहणार” याची उलटतपासणी होते. घरी गटातल्या दोघांचे नंबर आणि लॉजचा पत्ता खरा द्या. राहण्याचं ठिकाण खोटं सांगितलं की अपघात, आजारपण यात सगळंच अंगाशी येतं. आपल्या मनातलं काय सांगायचं ते आपल्या हातात आहे, पत्ता मात्र खरा हवा.

दिवाळीत घरी उतरलेला चेहरा आईला दिसतोच. “काही नाही” म्हटलं तर ती खोदत राहते. “एका जवळच्या माणसाशी बिनसलंय, आत्ता बोलवत नाही, पण जेवतोय आणि झोपतोय” हे खरंही आहे आणि पुरेसंही. दुःखाच्या भरात, फराळाच्या ताटावर आत्या-मामांसमोर सगळं सांगून टाकू नका. पैसे, राहणं, फी घरावर अवलंबून असेल तर सांगण्याआधी पुढच्या सहा महिन्यांची सोय कुठं आहे ते बघा. पालकांना वाचायला मराठीत साहित्य आहे. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत बरंच लिहिलंय. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो, तिथंही फोनवर बोलता येतं.

सावली

एक राहिलं. संबंधात काळजी घेतली नसेल, शंका असेल, तर लाजून दिवस घालवू नका. एचआयव्ही टाळायची पीईपी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस न चुकता. तपासणी सरकारी आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते, सीपीआरमध्ये ती सोय आहे. ट्रिपमध्ये असाल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारा. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करा.

खासबाग

परत आल्यावर फोटोंचं काय? गटाचा अल्बम होतोच, त्यात सगळेच टॅग करतात.

कळंबा

@खासबाग, निघायच्या आधीच गटात सांगून ठेवा: फोटो ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय स्टोरीवर नाही. हे सगळ्यांसाठी म्हणून सांगा, एकट्यासाठी नको. त्या मुलानं इन्स्टाच्या सेटिंगमध्ये टॅगला आधी मंजुरी लागेल असं करून ठेवावं. लोकेशन टॅग ट्रिप संपल्यावरच टाका.

आणि त्याला अल्बम लगेच बघायला लावू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक फोटोत “तो असता तर” हेच दिसतं. माहीतगार मित्रानं पाच-सहा बरे फोटो निवडून त्याला वेगळे पाठवावेत, बाकीचे ड्राइव्हवर राहू देत. सोमवारी पहिल्या तासाला त्याच्यासाठी शेजारची जागा धरा.